ताऱ्यांचं वय ओळखायला शिका: कोल्हापूर परिसरातून नवजात तारकागुच्छ आणि तेजोमेघ कसे पाहावेत

फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपासची एक निरभ्र रात्र आणि साधी १० × ५० ची दुर्बीण एवढं हाताशी असलं, तरी ताऱ्यांच्या जन्मापासून भर तारुण्यापर्यंतच्या बहुतेक अवस्था कोल्हापूर जिल्ह्यातून एकाच बैठकीत पाहता येतात. बरेच जण मृगातला तेजोमेघ पाहतात, ‘छान दिसतंय’ म्हणतात आणि दुर्बीण गुरू-शनीकडे वळवतात. मला याची हळहळ वाटते. तो धूसर ठिपका काय सांगतोय हे कळलं, तर त्याच्यापुढे तासभर बसावंसं वाटतं. म्हणून या लेखात वस्तूंची यादी देण्यापेक्षा प्रत्येक गुच्छाचं वय डोळ्यांनी कसं ओळखायचं यावर भर दिला आहे.

वय कळतं कशावरून?

तारे एकेकटे क्वचितच जन्मतात. हायड्रोजनचे रेणू आणि धूळ यांचे अतिथंड ढग आकाशगंगेत पसरलेले असतात. त्यांचं तापमान उणे २५० ते उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. असा ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसू लागला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यातून तारा किंवा ताऱ्यांची जोडी घडते. सूर्यापेक्षा लहान तारे ढिगाने तयार होतात. सूर्याच्या १५-२० पट वस्तुमानाचे मोजकेच. पण पुढचं सगळं नाट्य या मोजक्यांच्या हातात असतं.

त्यांचा पृष्ठभाग ३०,००० अंशांहून अधिक तापलेला असतो. त्यांचे अतिनील किरण आजूबाजूच्या हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात, इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत येऊन बसताना प्रकाश बाहेर पडतो आणि आपल्याला तेजोमेघ दिसतो. याच ताऱ्यांवरून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वारे सुटतात. किरणं आणि वारे मिळून उरलेला वायू बाहेर ढकलतात, म्हणजे ज्या ढगातून हे तारे जन्मले तोच ढग ते काही दशलक्ष वर्षांत मोडून काढतात. बहुतेक वायूचे तारे कधी होतच नाहीत. वायू गेला की गुरुत्वाची पकड सैल होते, आणि अनेक गुच्छ हळूहळू विखुरतात.

सूर्यासारखा तारा सुमारे १,००० कोटी वर्षं जगतो. हे महाकाय तारे इंधन इतक्या वेगाने जाळतात की ३० लाख ते १ कोटी वर्षांत त्यांचा खेळ आटोपतो. त्यामुळे एखाद्या गुच्छात असा निळा, प्रखर तारा जिवंत दिसला की तो गुच्छ तरुणच असणार, दुसरी शक्यताच नाही. निरीक्षण करताना मनात तीन प्रश्न ठेवा: गुच्छाभोवती वायू आहे का, असल्यास मध्यभागी पोकळी पडली आहे का, आणि निळ्या ताऱ्यांत एखादा तांबूस महातारा मिसळलेला आहे का?

जागा निवडताना

रंकाळ्याच्या काठावरून मृगातला तेजोमेघ दिसतो, कृत्तिकाही दिसतात. बाकीचं शहराच्या उजेडात बुडून जातं. पन्हाळा जवळ आहे आणि उत्तर-पश्चिमेकडच्या वस्तूंसाठी चांगला आहे, पण तिथून कोल्हापूर आग्नेयेला येतं आणि त्या बाजूचं आकाश उजळलेलं असतं. आपल्याला दक्षिण क्षितिज मोकळं हवं आहे, म्हणून शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला जाणं शहाणपणाचं. गारगोटीच्या पुढे भुदरगडाचा परिसर मला सर्वांत पसंत आहे, कारण तिथून दक्षिणेला जवळ मोठं शहर नाही आणि बेळगावचा उजेड आग्नेयेला लांब राहतो. राधानगरीकडचा भागही अंधारा आहे. गगनबावड्याला अंधार उत्तम, पण घाटमाथ्यावर धुकं कधी चढेल याचा नेम नसतो.

दाजीपूरच्या अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. गवा अंधारात दहा पावलांवर उभा असला तरी कळत नाही. जंगलालगत थांबणार असाल तर वनखात्याला विचारा. गावाच्या हद्दीत असाल तर पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, कारण मध्यरात्री माळावर लाल बॅटऱ्या घेऊन बसलेले चार अनोळखी लोक पाहून गावकऱ्यांना शंका येणं साहजिक आहे. पायात बूट हवेतच. फुरशासारखा साप दगडगोट्यांच्या माळावर सहज दिसत नाही. घरची मंडळी अमावास्येला बाहेर पडू नका म्हणतील, तर त्यांच्यापैकी एकाला सोबतच न्या. आकाश पाहिल्यावर पुढच्या अमावास्येला तेच विचारतील, कधी निघायचं म्हणून.

हवेचंही बघावं लागतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम, गुऱ्हाळांचा धूर आणि तोड झालेल्या फडात पेटवलेलं पाचट, यामुळे पंचगंगेच्या खोऱ्यावर संध्याकाळी धुराचा थर बसतो. उंचावर गेलात की तो पायाखाली राहतो. वर्षातली सर्वांत स्वच्छ हवा मात्र एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस पडून गेल्यावर मिळते. दुपारी गडगडून पाऊस झाला आणि रात्री ढग पांगले, तर सगळी कामं बाजूला ठेवून निघा.

साधनं

पहिल्या वर्षी १० × ५० ची दुर्बीण पुरे. तिच्यात आकाशाचा सहा-साडेसहा अंशांचा तुकडा एकदम दिसतो, आणि मोठे तेजोमेघ अशा रुंद दृश्यातच खुलतात. खुर्चीत रेलून, कोपरं टेकवून पाहा. हात थरथरला नाही तर अर्धा-पाऊण प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद तारेही सापडतात. मोठी दुर्बीण घ्यायची झाली तर सहा किंवा आठ इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने वळवायची दुर्बीण, घ्या. संगणकाने वळणारी लहान दुर्बीण त्याच किमतीत मिळते, पण या विषयाला आरसा मोठा हवा.

यूएचसी किंवा ओ-थ्री नावाचे फिल्टर तेजोमेघांसाठी फार कामाचे असतात. ते फक्त तेजोमेघाचे ठरावीक रंग आत सोडतात आणि बाकी आकाश काळं करतात. पण गुच्छ पाहताना फिल्टर काढा, कारण तो ताऱ्यांचाही प्रकाश खातो.

अंधारात पोचल्यावर निदान वीस-तीस मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. मोबाइल एकदा उघडलात की पुन्हा शून्यापासून सुरुवात. बॅटरीला लाल जिलेटिन पेपर लावा. मंद वस्तूकडे थेट न पाहता नजर थोडी बाजूला ठेवा. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग अंधारात कमजोर असतो, त्याच्या कडेचा भाग कितीतरी संवेदनशील. दव पडायला लागलं की भिंगं आंधळी होतात, तेव्हा काळ्या फोमच्या चटईची नळी करून नळकांड्याच्या तोंडावर चढवा.

फेब्रुवारीतली रात्र

साधारण फेब्रुवारीच्या मध्यावरच्या वेळा देतो. पावणेआठच्या सुमारास पूर्ण अंधार होतो. सर्वांत आधी वायव्येकडे वळा, कारण ययाति आणि शर्मिष्ठा यांच्या मधला जोडगुच्छ मावळतीकडे झुकू लागलेला असतो. नुसत्या डोळ्यांना ढगाचा पुंजका, दुर्बिणीत शेजारी-शेजारी दोन ठसठशीत गुच्छ. अंतर सुमारे ७,५०० प्रकाशवर्षं, वय सुमारे १ कोटी ४० लाख वर्षं. वायूचा मागमूस नाही. आता निळ्या-पांढऱ्या गर्दीत नारिंगी ठिपके शोधा. हे लाल महातारे, मरणाच्या वाटेवरचे. सर्वांत मोठे तारे याआधीच संपले आहेत.

मग डोक्यावरच्या कृत्तिका. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. फोटोत कृत्तिकांभोवती निळसर धुकं दिसतं, म्हणून त्या जन्मस्थानातच आहेत असं वाटतं. त्यांचं वय १० कोटी वर्षांहून अधिक आहे आणि त्यांचा मूळ ढग केव्हाच नाहीसा झाला. आज दिसणारं धुकं म्हणजे वाटेत आडवी आलेली परकी धूळ, ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारी. वायू दिसला म्हणजे वय कमी, हा नियम लावताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवा.

साडेआठला मृग दक्षिणेला सर्वांत वर येतो, क्षितिजापासून जवळपास ६८ अंशांवर. कोल्हापूरकरांना हा तेजोमेघ किती सोयीच्या जागी मिळाला आहे! बाणाच्या तीन ताऱ्यांखाली उभी रांग दिसते, तिच्यातला मधला ‘तारा’ म्हणजे एम ४२, मेसिए यांच्या यादीतला ४२वा. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. हा प्रकाश निघाला तेव्हा या भागावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

इथे घाई करू नका. सहा इंची दुर्बिणीतून पन्नास पटींवर प्रथम दिसतो तो पंखासारखा पसरलेला करडा उजेड. दोन-तीन मिनिटं थांबलात की त्यात हिरवट झाक जाणवते. तेजस्वी भागात एका बाजूने काळी खाच घुसलेली असते. ती पोकळी नसून पुढ्यात आलेली धूळ आहे. खाचेच्या टोकाशी चार तारे चिमुकल्या चौकोनात बसलेले दिसतात, एक सर्वांत तेजस्वी, दोन जवळपास सारखे आणि एक मंद. हवा स्थिर असेल आणि शंभर-दीडशे पट वाढवलं, तर पाचवा-सहावाही निसटता दिसून जातो. या चौकडीतला सर्वांत तेजस्वी तारा जवळपास एकट्याने सगळा तेजोमेघ पेटवतो. भोवतीच्या गुच्छात दोन हजारांच्या आसपास तारे आहेत, वय फार तर वीस-तीस लाख वर्षं, आणि हबल दुर्बिणीने नव्वदच्या दशकात यांतल्या अनेक ताऱ्यांभोवती ग्रह घडवू शकणाऱ्या धुळीच्या तबकड्या टिपल्या. चौकडीजवळच्या तबकड्या तिच्या किरणांनी झिजत चालल्या आहेत.

फोटोत लाल दिसणारा तेजोमेघ डोळ्यांना हिरवट का? हायड्रोजनचा लाल रंग ६५६ नॅनोमीटरवर असतो आणि अंधारात आपला डोळा तिथे जवळजवळ निकामी असतो. ५०१ नॅनोमीटरची हिरवट रेघ मात्र त्याला टिपता येते. विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये तेजोमेघाच्या वर्णपटात ही हिरवी रेघ दिसली, तेव्हा ती कोणत्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना; ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य असावं असं लोक धरून चालले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. म्हणजे ओ-थ्री फिल्टर लावून तुम्ही फक्त त्या ऑक्सिजनचा प्रकाश बघत असता.

साडेनऊच्या आसपास काक्षीपासून प्रश्वाकडे जाणाऱ्या रेषेवर एक तृतीयांश अंतरावर, किंचित खाली या. शृंगाश्वातला एनजीसी २२४४ (एनजीसी ही गुच्छ-तेजोमेघांची आणखी एक यादी) हा गुच्छ दोन ओळींत उभ्या सहा ताऱ्यांवरून ओळखू येतो. त्याच्याभोवती रोझेट तेजोमेघाचं कडं आहे, पौर्णिमेच्या दोन चंद्रांहून रुंद. ते दिसायला अंधार, फिल्टर आणि कमीत कमी वर्धन लागतं. दिसलं नाही तरी गुच्छाच्या आजूबाजूचं आकाश आणि बरंच दूरचं आकाश यांची तुलना करा; उजेडातला फरक जाणवतो. मध्ये वायू नाही, कडेला आहे: सुमारे वीस लाख वर्षांच्या ताऱ्यांनी स्वतःभोवती पोकळी कोरली आहे. मृगाच्या पुढचं पाऊल ते हेच.

त्याच्याही पुढचं पाऊल व्याधाच्या खाली मिळतं. बृहल्लुब्धकाच्या मागच्या पायांकडच्या त्रिकोणाच्या वर, एका ताऱ्याभोवती मुंग्या जमाव्यात तसा एनजीसी २३६२. वय सुमारे पन्नास लाख वर्षं. वायू साफ, निळे तारे लखलखीत, लाल अजून नाहीत. दुर्बीण हलकेच टिचकी मारून हलवा. मधला तारा आणि भोवतीचे ठिपके वेगवेगळे झुलल्यासारखे दिसतात.

रात्री दीड वाजता दक्षिणेकडे

यासाठीच इतक्या दूर यायचं. नौकातल तेजोमेघ, एनजीसी ३३७२, हा मृगातल्या तेजोमेघाहून कितीतरी मोठा आणि प्रचंड आहे, पण त्याचं स्थान खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ६० अंशांवर आहे. दिल्लीहून तो क्षितिजाच्या दीड अंश वर येतो, म्हणजे दिसत नाही म्हटलं तरी चालेल. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्याने इथे तो १३ अंशांहून थोडा वर चढतो. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा, तिच्यावर दोन बोटं, तेवढी उंची. मध्य फेब्रुवारीत तो रात्री एक चाळीसच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो, मध्य मार्चमध्ये पावणेबाराला आणि मध्य एप्रिलमध्ये पावणेदहाला. रात्र जागवायची नसेल तर एप्रिल निवडा.

ओळखायचा कसा? त्रिशंकू डावीकडे कललेला दिसतो. त्याच्या उजवीकडे एक मूठ आणि थोडं अधिक सरका. आणखी उजवीकडे त्रिशंकूसारखीच, पण मोठी आणि मंद चौकट आहे, तिला फसू नका. या दोन्हींच्या मधला धूसर पुंजका म्हणजे आपला तेजोमेघ. इतक्या खाली प्रकाश आपल्यापर्यंत डोक्यावरच्या मानाने चौपट हवेतून येतो, त्यामुळे तो मंद वाटणारच. दुर्बिणीत काळ्या पट्ट्यांनी तुकडे झालेला उजेड आणि त्यात नारिंगी ईटा कॅरिनी दिसतो. या ताऱ्याचा एकोणिसाव्या शतकात मोठा उद्रेक झाला आणि १८४३ मध्ये काही काळ व्याधानंतर आकाशातला तोच सर्वांत तेजस्वी तारा होता. ती खरं तर जोडी आहे, साडेपाच वर्षांत एकमेकांभोवती फिरणारी. तेजोमेघातला ट्रम्पलर १४ हा गुच्छ जेमतेम पाच-दहा लाख वर्षांचा आहे. जेम्स वेब दुर्बिणीने १२ जुलै २०२२ ला प्रसिद्ध केलेल्या पहिल्या चित्रांतला तो डोंगरकड्यासारखा दिसणारा वायूचा ढगही याच परिसरातला, एनजीसी ३३२४ मधला.

पाच वाजता आग्नेयेला वृश्चिक वर आलेला असतो. शेपटीच्या वळणावरचा एनजीसी ६२३१ नुसत्या डोळ्यांना दिसतो. वायूने मोकळा, झळझळीत. नांगीपासून डावीकडे दीड मूठ सरकलात की आकाशगंगेच्या पट्ट्यात एम ८ आणि त्याच्या शेजारी एम २०. यांच्या गुच्छांना अजून वायू चिकटून आहे, म्हणजे पुन्हा आपण मृगाच्या वयाशी येतो. वहीत प्रत्येक वस्तूपुढे पेन्सिलीने दोन मिनिटांचं रेखाटन करा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. रेखाटताना डोळा जे टिपतो ते नुसतं पाहताना निसटतं.

जे इथून दिसत नाही

आपल्या आकाशगंगेतल्या सर्वांत जड तरुण गुच्छांपैकी एक, वेस्टरलुंड १, कोल्हापुरातून २७ अंशांवर येतो आणि तरीही डोळ्याला दिसत नाही. बेंग्ट वेस्टरलुंड यांनी तो १९६१ मध्ये शोधला. सुमारे १२,००० प्रकाशवर्षांच्या वाटेत इतकी धूळ आहे की दृश्य प्रकाशाचा दहाहजारावा भागही पोचत नाही. पाचट पेटल्याच्या संध्याकाळी उगवता चंद्र तांबडा दिसतो ना, तशीच ही धूळ निळा रंग आधी खाते. तांबडा आणि अवरक्त काही प्रमाणात सुटतो. म्हणून असे गुच्छ अवरक्त दुर्बिणींचं काम. तप्त वायू रेडिओ लहरीही सोडतो आणि त्यांना धुळीचा अडथळा होत नाही. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणी असा वायू त्यामुळेच पाहू शकतात.

दुसरा आर १३६, मोठ्या मॅजेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवरचा. तो हजारो सूर्यांच्या वस्तुमानाचा एकच तारा असावा असं काहींना वाटत होतं. १९८५ मध्ये त्याचे वेगवेगळे तारे सुटे करून दाखवण्यात आले. त्यातला सर्वांत जड ताराही सुमारे २०० सूर्यांइतका आहे. कोल्हापुरातून तो मेघ जेमतेम चार अंश वर येतो. कन्याकुमारीला तो १३ अंश चढतो, आपल्या नौकातल तेजोमेघाइतकाच. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडे सहल ठरवत असाल तर दुर्बीण बॅगेत टाका.

फोटो घ्यायचे असतील तर

ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसताना ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा, येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. ५० मिमी भिंगाला फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १० सेकंद, लहान सेन्सरवर सहा. असे दीड-दोनशे फोटो घेऊन सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रणालीत एकत्र करा. मृग सुंदर येतो. रोझेट मात्र साध्या कॅमेऱ्यात फिका येतो, कारण सेन्सरपुढचा कारखान्यातून बसवलेला फिल्टर हायड्रोजनचा तो लाल रंग बराचसा अडवतो. फिल्टर बदलून घेणं हा उपाय आहे, पण तोवर रोझेटपेक्षा मृगावरच वेळ घालवा.

पावसाळ्यात काय?

धनू राशीतले तेजोमेघ संध्याकाळी सोयीने दिसण्याचा काळ नेमका जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा आपल्याकडे आकाशच नसतं. त्यामुळे ते मेमध्ये पहाटे तीनला किंवा ऑक्टोबरच्या मध्यावर अंधार पडल्या-पडल्या नैर्ऋत्येला गाठायचे. एम १७ आणि एम १६ तेव्हाच पाहा. एम १६ मधले ते प्रसिद्ध धुळीचे खांब सहा-आठ इंची दुर्बिणीतून दिसत नाहीत; गुच्छ आणि त्याभोवतीचा हलका उजेड दिसतो. हबलने हे खांब १९९५ मध्ये टिपले, वेबने २०२२ मध्ये अवरक्तात. दोन्ही दुर्बिणींची मूळ निरीक्षणं ‘मास्ट’ या संग्रहातून कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. आषाढातल्या रात्री ती उतरवा, सिरिलमध्ये वेगवेगळ्या फिल्टरांची चित्रं एकमेकांवर बसवा, आणि हबलच्या चित्रात काळ्या असलेल्या खांबांच्या टोकांशी वेबच्या चित्रात कोणते लाल ठिपके उगवतात ते मोजा. हे धुळीत दडलेले कोवळे तारे.